तिसऱ्या रांगेतली डावीकडची शेवटची

सेकोंडी,
रविवार, २२ मार्च १९९८

चि. फीफीस,

ताईचे अ. उ. आ. तुम्ही सगळी धडधाकट असाल असं धरून चालते, कारण आजारी पडलास की तुझं पत्र बरोब्बर येतं.

तेमाच्या बसच्या ड्रायव्हरने तुझी पिशवी आणून दिली. साबण मिळाला, सार्डिनचे डबे मिळाले, चिठ्ठी मात्र चार ओळींची. बंदरावर एवढी मोठाली खोकी उचलतोस, लेखणी तेवढी जड होते होय?

आता बातमी. यंदा मी मडक्यात हात घातला. आमची रीत तू विसरला असशील म्हणून पुन्हा सांगते. एक मेला सगळे कामगार मैदानावर संचलनाला जातात, पण इस्पितळाला कुलूप लावता येत नाही. बायका काही कामगार दिन बघून बाळंत होत नाहीत. म्हणून आम्हा झाडूवाल्यांपैकी एकीला प्रसूती वॉर्डात थांबावं लागतं. जेवढ्या जणी तेवढे चवळीचे दाणे मडक्यात टाकायचे, त्यातला एक काळा. काळा जिच्या हाती लागेल ती थांबणार.

अठ्ठावीस वर्षांत ते मडकं माझ्यासमोर कधी आलंच नाही. पहिल्या वर्षी मी आपणहून थांबले, दुसऱ्या वर्षी सगळ्या म्हणाल्या की अराबा आहे ना, आणि तिसऱ्या वर्षीपासून कुणी म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत. मडक्यात फिनेलच्या बाटल्यांची झाकणं ठेवायला लागले. येत्या नोव्हेंबरात मी साठीची होऊन घरी बसणार, म्हणजे हा माझा शेवटचा मे डे. म्हणून मी झाकणं ओतून दिली, मडकं घासलं आणि बाजारातून चवळी आणली. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

काळा दाणा एकुआला गेला. ही एकुआ चोवीस वर्षांची, कामाला लागून दोन वर्षं झाली, जीभ मधात बुडवलेली. तिची आई गावाहून मुद्दाम संचलन बघायला येणार आहे, तेव्हा अदलाबदल कर म्हणून माझ्या मागे लागली. मी नाही म्हणाले. फीफी, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तोंडावर नाही म्हटलं, आणि घरी येऊन मला जेवण गेलं नाही. पण शब्द मागे घेतला नाही.

युनियनने यंदा सगळ्यांसाठी निळ्यावर पांढरी चाकं असलेलं कापड काढलंय. शिंप्याकडे टाकलं आहे. आता तुझ्याकडे एकच मागणं. तिथे ज्याचं कुणी बघायला येतं त्याच्या मानेवर कौतुकाची पावडर पडते, त्याच्यासाठी रुमाल हलतात. माझ्या मानेवर पावडर टाकायला जगात तूच एक आहेस. दोन वर्षांत तू माझं तोंड पाहिलेलं नाहीस, म्हणून खूण देऊन ठेवते: इस्पितळाच्या बायकांची तिसरी रांग, डावीकडची शेवटची, डोक्याला पांढरा रुमाल.

येशील ना? मुलांना माझे पापे. आमच्यावर जीव आहे तेवढा असू दे, वाढला तर तक्रार नाही.

तुझी,
ताई


तेमा,
५ एप्रिल १९९८

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोने सगळ्या आळीला वाचून दाखवलं. ताई मडकं घासते आणि बाकीच्या तोंडाकडे बघतात, हे चित्र आठवून मी क्रेनच्या खोलीत एकटाच हसत होतो. खालच्या माणसाला वाटलं, वर ऊन लागलं.

पण एक अडचण झाली आहे. यंदा राजधानीतल्या, अक्राच्या मोठ्या संचलनात आमच्या गोदीवाल्यांचा झेंडा माझ्या हाती दिला आहे. सगळ्यांत पुढे, एकटा. असा मान पुन्हा येईल न येईल. नाही कसं म्हणू, तूच सांग. मी बघतो काही जमतं का. नाही जमलं तर मागून जूनमध्ये येऊन तुझी पावडर व्याजासकट टाकतो.

आणि एक विचारू? इतकी हौस होती तर इतकी वर्षं थांबत का राहिलीस? मला आपलं वाटायचं, तुला ऊन सोसत नाही.

राग मानू नकोस. लोभात कमी करू नकोस.

तुझा,
फीफी


सेकोंडी,
१४ एप्रिल १९९८

चि. फीफीस,

अ. उ. आ.

ऊन सोसत नाही म्हणे. आईच्या मागे बंदराच्या वाळूत बसून मासे कोणी वाळवले रे? तुझ्या त्या झेंड्याची सावली पडत होती वाटतं माझ्यावर?

विचारलंस म्हणून सांगते, नाही तर हे मी माझ्याबरोबर घेऊन जाणार होते. एक मेला जी थांबते तिला बदली रजा मिळते, मागेल त्या दिवशी. मी कामाला लागले तेव्हा तू चौदा वर्षांचा, केप कोस्टला वसतिगृहात. मे महिन्यात एका शनिवारी तुमच्या शाळेत घरच्यांना भेटायला सोडत. शनिवारी आम्हाला सुट्टी नसायची. ती बदली रजा मी त्या शनिवारी घ्यायचे. केळीच्या पानात गुंडाळलेलं, मक्याच्या आंबट पिठाचं केंके, तळलेली मासळी आणि ते काळं तिखट घेऊन पहाटेच्या लॉरीने मी फाटकाशी यायचे आणि तू मित्रांपुढे लाजून, पिशवी घेऊन पळून जायचास. आठवलं? पुढे तू शाळेतून बाहेर पडलास, मला मात्र वॉर्डातून कुणी बाहेर काढलं नाही.

झेंडा धर, खुशाल धर. तुझा मान तो माझाही मान. हे मी रागावून लिहीत नाही. खरं सांगायचं तर रागावूनच लिहिते आहे, पण उद्यापर्यंत जाईल.

कापड शिवून आलं. शिंप्याने बाह्या फुगवून ठेवल्यात, मी कोंबडीसारखी दिसते.

कुणी आलं नाही तरी मी चालणार आहे. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. सुखी राहा.

ताई


तेमा,
शुक्रवार, २४ एप्रिल १९९८

ती. ताईस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार वि. वि.

झेंडा दुसऱ्याला दिला. तो माझ्यापेक्षा उंच आहे, झेंड्याला बरा. मला ते केंके आठवत होतं, ते कुठल्या दिवसाच्या बदल्यात आलं होतं ते ठाऊक नव्हतं. 

एक मे यंदा शुक्रवारी आहे. मी शुक्रवारी जन्मलेला, नावही शुक्रवारचंच, म्हणजे दिवस माझाच. पहाटेची बस धरून थेट मैदानावर येतो. पावडरचा मोठ्यात मोठा डबा घेतला आहे. सेकोंडीच्या एका फोटोवाल्यालाही निरोप धाडलाय. दुपारी तीनच्या बसने परत निघावं लागेल, रात्रपाळी आहे. तिसरी रांग, डावीकडची शेवटची, पांढरा रुमाल. पाठ केलं.

कोंबडी असलीस तरी माझीच. हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देतोय, तो उशीर करील तर त्याला चार शब्द तुझ्या पद्धतीने सुनाव.

फीफी


सेकोंडी,
५ मे १९९८

चि. फीफीस,

अ. उ. आ. पोचलास ना नीट? बसमध्ये चढताना तू काहीतरी सांगत होतास, इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द कळला नाही. तासाभरात मीही काही सांगू शकले नाही, तेव्हा आता बसून लिहिते.

सकाळी सहाला मी नवं कापड नेसून इस्पितळाच्या फाटकाशी होते. ट्रक उभा होता, सगळ्या जणी वर चढत होत्या. एकुआ बिचारी एकटी राहणार म्हणून मी तिच्यासाठी केंके आणलं होतं. ते कपाटात ठेवलंय एवढं सांगायला आत गेले, तर एकुआ नाही. बादली कोरडी. चार नंबरच्या खाटेवर कोळीवाड्यातली एक बाई, रात्रीपासून अडलेली, खाली लादीवर सगळं रक्त. आमच्या थोरल्या नर्स अन्साबाई स्वतः पोछा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बाईकडे बघायचं की लादीकडे?

त्या मला थांब म्हणाल्या असत्या तर मी निघून गेले असते, खरं सांगते. पण त्या काही म्हणाल्याच नाहीत. त्यांनी फक्त माझ्या नव्या कापडाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. ट्रकने दोनदा हॉर्न दिला. मी लुंगी वर खोचली आणि पोछा घेतला. ट्रक गेला तेव्हा मी वाकलेली होते, त्यामुळे तो बघावा लागला नाही. फिनेलने माझे डोळे नेहमीच चुरचुरतात, त्या दिवशी जरा जास्त चुरचुरले. तू मैदानात तिसऱ्या रांगेत मला शोधत असशील, हे मनात यायचं आणि हात थांबायचा.

बाराच्या सुमारास मुलगी झाली. बाई वाचली. आणि मी बादली ओतते आहे तोच एकुआची म्हातारी आई तिला मनगटाला धरून ओढत घेऊन आली. एकुआ माझ्यासारख्याच नव्या निळ्या कापडात, डोक्याला पांढरा रुमाल, आणि मान, खांदे, पाठ सगळी पावडरीने पांढरीफटक. रडून रडून तोंडावर ओहोळ आलेले. ती गुडघ्यांवर बसली आणि माझ्या हातातला पोछा घेतला.  त्या म्हातारीने मला नळाशी नेलं, माझ्या लुंगीच्या काठाला लागलेलं रक्त स्वतःच्या हाताने चोळून धुतलं आणि म्हणाली की तुझा भाऊ वाट बघतोय, ओल्या काठाने गेलीस तरी चालेल.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण मला ते कागदावर बघायचंय. दीड वाजता मैदानात चिटपाखरू नव्हतं. सगळीकडे पाण्याच्या फाटक्या पिशव्या आणि संत्र्याच्या साली, मंडपातल्या खुर्च्या एकावर एक चढत होत्या. तू पायरीवर बसला होतास, तोंड उतरलेलं. मी म्हटलं चल घरी, तर तू उठून तोंडानेच बँड वाजवायला लागलास. बेचाळीस वर्षांचा बाप्या, गाल फुगवून ढोल वाजवतोय. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नगरपालिकेच्या चार बायका मैदान झाडत होत्या. त्यातल्या थोरलीने विचारलं की हे काय चाललंय, आणि तू माझी अठ्ठावीस वर्षं सांगून टाकलीस. ती झाडू टेकून उभी राहिली. मग म्हणाली की ती अकरा वर्षं दर एक मेला या मैदानावर येते, पण दीड वाजता. संचलन कसलं असतं ते तिने अजून पाहिलेलं नाही, त्याच्या साली तेवढ्या पाहिल्यात. आणि तिने झाडू खांद्यावर घेतला. बाकीच्या तिघींनीही घेतले.

फीफी, मी चालले रे. पुढे मी, मागे चार झाडू, बाजूला तुझा ढोल. मंडपासमोर आलो तेव्हा खुर्च्या रचणाऱ्या माणसाने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तो सरळ उभा राहिला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.  अठ्ठावीस वर्षांची लादी मला एकदम आठवली, आणि तिची लाज वाटली नाही.

मग उरलेलं मैदान आम्ही पाच जणींनी झाडून काढलं. नव्या कापडात झाडू धरू नकोस म्हणून तू ओरडत होतास. अरे, दिवस कुणाचा होता?

आता मला एक सांग. एवढा मोठा डबा, पण माझ्या मानेवर चिमूटभर पावडर पडली. तू तो उपडा करून ठोकत होतास ते मी पाहिलं. आणि एकुआच्या अंगावर ती कुणी ओतली हे ती मेली तरी सांगत नाही. काय भानगड आहे?

उत्तर लवकर दे, जीव टांगणीला लागलाय. माया आहेच.

ताई


तेमा,
११ मे १९९८

ती. ताईस,

कान धरून सा. न. वि. वि.

बसमध्ये चढताना हेच सांगत होतो. इंजिनाचे आभार मानतो, कारण तोंडावर सांगितलं असतं तर तू मला त्याच मैदानात झाडून काढलं असतंस.

मी नऊला पोचलो. अकराच्या सुमारास इस्पितळाच्या बायका आल्या. मी रांगा मोजल्या, एक, दोन, तीन. डावीकडची शेवटची. पांढरा रुमाल. मी दोरीखालून आत घुसलो आणि मागून जाऊन सगळा डबा तिच्या मानेवर उपडा केला. फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, तो पुढून धडाधड फोटो काढत सुटला. मी रुमाल हलवत नाचत होतो. आणि बसमध्ये चार तास घोकलेलं वाक्य मी तिच्या कानाशी म्हटलं, की ताई, अठ्ठावीस वर्षं तू सगळ्यांसाठी थांबलीस, आज हे मैदान तुझ्यासाठी थांबलंय.

ती वळली. चोवीस वर्षांची पोर, डोळे पांढरे झालेले. मला काही कळेना. तेवढ्यात एक म्हातारी दोरी ओलांडून आली आणि माझ्याभोवती नाचायला लागली. तिने आपला रुमाल माझ्या हातात कोंबला, माझं गाव विचारलं, माझे लोक कोण ते विचारलं. ताई, ती मला जावई समजली. मी सांगतोय की बाई, मला तीन मुलं आहेत, आणि बँड असा वाजतोय की तिला फक्त माझे हलणारे ओठ दिसतायत.

रांग पुढे निघून गेली. एकुआ तिथेच मातीत बसली आणि तिने सगळं सांगितलं. काळा दाणा तिचा होता, ती पहाटे परस्पर मैदानावर आली, तू ट्रकमधून उतरली नाहीस तेव्हा तिला कळलं की तू का आली नाहीस. रांगेत खिंडार पडलेलं दिसू नये म्हणून तिला तुझ्या जागी उभं केलं होतं. मी फार वाईट बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तिची आई नाचायची थांबली होती, तिने शब्दन् शब्द ऐकला. तिने कंबरेचं कापड आवळून बांधलं, लेकीचं मनगट धरलं आणि मला एवढंच विचारलं की इस्पितळ कोणत्या वाटेला. मी बरोबर निघालो तर म्हणाली की तू इथेच थांब, तुझ्या बहिणीला इथे पाठवायचं काम माझं आहे.

नंतर दोन तास मी पायरीवर बसून होतो. एकुआचा राग तासाभरात गेला. माझाच माझ्यावरचा जाईना. कापड आणि रुमाल तुझ्यासारखे होते, हे खरं. पण मी तुझ्या हातचं खाऊन वाढलो आणि मला माझ्या बहिणीची पाठ ओळखता आली नाही. दोन वर्षं तोंड दाखवलं नाही की असं होतं. पुन्हा होऊ देणार नाही, हे लिहून देतो.

फोटोवाल्याचा रोल तिथेच संपला. बाराही फोटो एकुआचे आहेत, सोबत पाठवतोय. तुझ्या संचलनाचा एकही नाही. 

शिक्षा कळव. लोभ काढून घेऊ नकोस, बाकी काहीही चालेल.

तुझा गाढव,
फीफी


सेकोंडी,
२० मे १९९८

चि. गाढवास,

अ. उ. आ.

तुझं पत्र मी वॉर्डात वाचलं. हसता हसता मला खाटेचा आधार घ्यावा लागला. अन्साबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला कळा सुरू झाल्या.

अकरा फोटो एकुआच्या आईला दिले. ती ते गावात दाखवत फिरणार आहे, आणि तू कोण हे ती काय सांगेल ते मला माहीत नाही. बारावा मी ठेवून घेतला. त्यात तू तोंड वासून नाचतो आहेस, डोळे मिटलेले, आणि ज्याच्यासाठी नाचतोस ते माणूस त्यात नाही. मला माझा फोटो नको. कुणीतरी माझ्यासाठी एवढं नाचलं, हे त्यात दिसतंय तेवढं पुरे.

एकुआने काल सगळ्यांसमोर जाहीर केलं की पुढच्या एक मेला मडकं काढू नका, मी थांबते. आणि लगेच दोघी-तिघी म्हणाल्या, एकुआ आहे ना. माझं पित्त खवळलं. मी टेबलावर मडकं आपटलं, फुटलं नाही हे नशीब. म्हटलं, हे आहे ना, आहे ना करत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. जिची चूक झाली तिने ती एकदा निस्तरली, आता मडक्यात सगळ्यांचे हात जातील, तिचाही. झाकणांना मी वेगळा डबा आणून ठेवला आहे. पोरीशी मी बोलते आहे. तिनेही मला परवा केंके आणून दिलं, कच्चं होतं, पण खाल्लं.

आता शिक्षा. पुढच्या वर्षी मी घरी बसलेली असेन, कुठल्याही रांगेत माझी जागा नसेल. त्याचं वाईट वाटत होतं. पण परवा बाजारात त्या चौघींपैकी थोरली भेटली. तिने लांबूनच झाडू खांद्याला लावल्यासारखा हात केला, आणि विचारलं की येणार ना, दीड वाजता? मी हो म्हणून बसले आहे.

तर पुढच्या एक मेला आम्ही पाच जणी असू. डबे दोन आण. आणि आधी तोंड बघ, मग ओत. तोंड विसरू नये म्हणून त्याआधी जूनमध्ये एकदा, डिसेंबरात एकदा येऊन बघून जायचं, हीच शिक्षा.

वाट बघते. लोभ कुठे जात नाही, तू तेवढा ये.

तुझी,
ताई